श्रावणातले पाच सोमवार आणि यवतेश्वरचा घाट

वय ३९, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका, म्हणून या लेखात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात सहा माणसं, स्वयंपाकघर सासूबाईंच्या हातात. मी आहारतज्ज्ञ. जून २०२४ मध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला होणारी, यवतेश्वरचा घाट चढून जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावणेतीन तासांत संपवायची होती आणि तोपर्यंत वजन ५८ वर आणायचं होतं. आदल्या वर्षी त्यांना ३ तास ४ मिनिटं लागली होती.

सोबत एक छापील तक्ता होता, जिममधून मिळालेला. रोज १२०० किलोकॅलरी. सकाळी ओट्स, चार अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी उकडलेलं चिकन आणि ब्रोकोली, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. रविवारी ‘चीट डे’, म्हणजे हवं ते खायची मुभा. तक्त्यात भाकरी नव्हती, भात नव्हता, आमटी नव्हती. म्हणजे त्यांच्या घरात जे रोज शिजतं त्यातलं काहीच नव्हतं. बाई पहाटे उठून स्वतःचं वेगळं शिजवत होत्या आणि मग मुलांचे डबे भरत होत्या.

या तक्त्यावर पहिल्या दीड महिन्यात ६८ चे ६४ किलो झाले आणि तिथेच काटा थांबला. मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, रात्री दोनला जाग यायला लागली, वर्गात चिडचिड होऊ लागली. पाळी आधी लांबली आणि मे महिन्यात आलीच नाही. हे शेवटचं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, तेही ‘वयामुळे असेल’ असं म्हणत. मी आधी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गर्भधारणा आणि थायरॉइड दोन्ही तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. हिमोग्लोबिन मात्र १०.२ होतं आणि शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

आता हिशेब. बाई आठवड्याला साधारण ४० किलोमीटर धावत होत्या. धावण्यात दर किलोमीटरला दर किलो वजनामागे ढोबळमानाने १ किलोकॅलरी लागते. म्हणजे आठवड्याला अडीच हजारांच्या वर, रोजच्या सुमारे ३६५. घाट चढताना याहून जास्त, पण तो फरक सोडून देऊ. १२०० मधून ३६५ गेल्यावर उरतात ८३५. चरबी सोडून बाकीचं शरीर अंदाजे ४२ किलो धरलं, तर दर किलोला २० किलोकॅलरी आल्या. श्वास, पचन, पाळी, हाडांची डागडुजी, झोप हे सगळं एवढ्यात भागवायचं. हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहिला की शरीर खर्च कापायला लागतं आणि पहिली कात्री बहुधा पाळीला लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता, असं नाव दिलं. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाला त्याच्या वरही त्रास होतो. पण २० हा आकडा वाचून मी बाईंना आठवडाभर धावणं थांबवायला सांगितलं.

मग प्रश्न उरला की इतकं कमी खाऊन वजन का थांबलं? याचं उत्तर ‘चयापचय मंदावलं’ असं पटकन दिलं जातं. थोडं मंदावतं हे खरं, पण इतकं नाही. मी त्यांना दोन आठवड्यांची नवी नोंदवही लिहायला सांगितली आणि एक अट घातली: यात चूक-बरोबर काही नाही, उभ्या उभ्या तोंडात टाकलेलंही लिहायचं. नोंदवही आली तेव्हा सोमवार ते गुरुवार तक्त्याप्रमाणे, १३०० च्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळपासून डब्यातला चिवडा, मुलांच्या ताटात उरलेली पोळी, स्टाफरूममधला कुणाच्या तरी वाढदिवसाचा सामोसा. शुक्रवार-शनिवार मिळून ४६००. आणि रविवारी धावून आल्यावर मिसळ, दुपारी रस्सा-भात पोट तडस लागेपर्यंत, चारला आइस्क्रीम, संध्याकाळी भेळ, रात्री पुन्हा जेवण. अंदाजे साडेचार हजार. आठवड्याची बेरीज १४,३००, रोजची सरासरी २००० च्या वर. नोंदवहीचा अंदाज शे-दोनशेने इकडेतिकडे होतो हे धरूनही चित्र स्पष्ट होतं. बाईंनी आठवडाभरात कमी खाल्लंच नव्हतं. चार दिवस उपाशी राहून तीन दिवसांत ते भरून काढलं होतं, आणि चढाचा कठीण सराव होता मंगळवार-गुरुवारी, म्हणजे नेमका उपाशी दिवसांत.

बाईंना याची लाज वाटत होती. ‘मॅडम, मला कंट्रोलच नाही,’ असं त्या म्हणाल्या. मला ते पटत नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये केलेला एक प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर लगाम ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या काटेकोरपणे लगाम ठेवत होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की ‘आता मोडलंच आहे तर’ हा विचार येतो आणि भूक बाजूला राहते. पुढे १९९१ मध्ये योआखिम वेस्टेनहॉफर यांनी खाण्यावरचा लगाम दोन प्रकारचा असतो हे वेगळं काढून दाखवलं: एक ताठर, सगळं किंवा काहीच नाही असा, दुसरा लवचीक, ज्यात गोड खाल्लं तर पुढच्या एक-दोन जेवणांत सहज सावरून घेतलं जातं. बेतालपणे खाण्याची जोड पहिल्याशी दिसते, दुसऱ्याशी नाही. ‘चीट डे’ हा शब्दच ताठर लगामाचा आहे. जेवायला फसवणूक म्हणायचं आणि मग रविवारी ती करायला परवानगी द्यायची, याला मी लवचीकपणा म्हणणार नाही.

दुसऱ्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावलं. त्यांच्याशिवाय कुठलाही बेत कागदावरच राहिला असता. येताना त्यांना भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं होतं. सराव पुस्तकात बारा आठवड्यांचा असतो आणि त्यात सगळे आठवडे सारखे असतात. आमच्यापुढच्या बारा आठवड्यांत १७ जुलैला आषाढी, ५ ऑगस्टपासून श्रावण, ९ तारखेला नागपंचमी, १५ ऑगस्टची जिलेबी, १९ तारखेला राखी पौर्णिमा, २६ ला जन्माष्टमी होती. त्या वर्षी श्रावण सोमवारीच सुरू झाला, म्हणून त्यात पाच सोमवार आले. घरात श्रावणभर मांस-मच्छी नाही, अंडंही नाही, कांदा-लसूण नाही. म्हणजे सरावाचे सगळ्यात जड आठवडे आणि प्रथिनांची दोन सोपी साधनं बंद होण्याचा महिना एकच होता.

‘सोमवार मोडायचा न्हाई हां,’ काकूंनी, म्हणजे सासूबाईंनी, बसल्या बसल्या सांगून टाकलं. मोडायचा माझा विचारही नव्हता. पण कालनिर्णयावर बोट ठेवून बघताना खरी अडचण दिसली, ती मला एकट्या बाईंच्या नोंदवहीत दिसली नसती. लांब धाव रविवारी. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे ती दुसरीकडे सरकवता येत नव्हती. आणि १६-१८ किलोमीटर घाट चढून-उतरून आल्यावर स्नायूंची डागडुजी जेव्हा जोरात चालते तो दुसरा दिवस म्हणजे सोमवार. त्या दिवशी घरी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, मध्ये दोनदा चहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे किलोकॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. मंगळवारी पहाटे बाई त्याच पायांनी चढाचा सराव करत होत्या.

म्हणून उपवास जागेवर ठेवला आणि चढाचा सराव मंगळवारचा बुधवारी आणि गुरुवारचा शुक्रवारी गेला. मंगळवारी फक्त सपाटीवर सावकाश चार-पाच किलोमीटर. सोमवारी सकाळी राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध, दुपारी भगर, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही, चारला मूठभर शेंगदाणे आणि केळं. श्रावणी सोमवारी शाळा लवकर सुटते आणि उपास संध्याकाळी सोडायचा असतो, हा आमच्या फायद्याचा भाग होता. सातच्या आत पान वाढायचं: वरण-भात, लिंबू, मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, दही. नैवेद्याचं गोड असेल ते त्याच पानात. काकूंना यात काही वावगं दिसलं नाही, कारण सगळं त्यांच्याच स्वयंपाकातलं होतं. जेवण रात्री नऊवरून सातवर आणायला तेवढी त्यांनी कुरकुर केली.

साबुदाणा मात्र आम्ही टाकला नाही, त्याला शनिवारी रात्री नेला. रविवारच्या लांब धावेच्या आदल्या रात्री पिष्ट हवंच असतं, ते स्नायूंत साठतं. दाण्याचा कूट थोडा कमी घालून केलेली खिचडी आणि ताक. ‘उपास न्हाई आन् खिचडी?’ म्हणून काकू पहिल्यांदा हसल्या. पण बाईंना ती मानवली, सकाळी पोट हलकं राहिलं, आणि मग तेच चालू ठेवलं.

रोजच्या खाण्याचा आकडा साध्या दिवशी १८५० आणि लांब धावेच्या दिवशी २१०० च्या पुढे ठरवला. सरासरी १९०० धरली तर शरीराच्या वाट्याला दर किलो ३६ च्या वर येतात आणि तरीही आधीच्या खऱ्या सरासरीपेक्षा हे शे-दीडशेने कमीच आहे. बाईंना हे पटायला वेळ लागला. ‘१२०० वर उतरत नाही तर १९०० वर कसं उतरेल?’ मी नोंदवहीतली बेरीज पुन्हा दाखवली. ५८ किलो सप्टेंबरपर्यंत होणार नाही हेही सांगितलं. या गतीने दोन, फार तर अडीच किलो उतरतील. त्या गप्प झाल्या. पाळी परत येणं आणि घाट धड पायांनी चढणं हे आधी, वजन नंतर, यावर शेवटी तडजोड झाली. मनापासून नाही, हे मला दिसत होतं.

प्रथिनांचं गणित श्रावणासाठी वेगळं मांडावं लागलं. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेची पोषण संस्था, हिच्या २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला दर किलो ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे, म्हणजे बाईंना ५३. एवढा सराव करणाऱ्याला १.४ आणि वर सांगतात, म्हणजे ९०. शाकाहारी, कांदा-लसूण नसलेल्या आणि सहा जणांसाठी एकत्र शिजणाऱ्या स्वयंपाकात ९० गाठायचे म्हटले की पुन्हा वेगळी भांडी, पुन्हा पहाटेची धावपळ. मी ७० ते ८० वर थांबले. नाश्त्याला ५० ग्रॅम मुगाचं धिरडं आणि दही, यात १५. डब्यात दोन पोळ्या, उसळ, ताक: १९. शाळेतून आल्यावर मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध: १४. रात्री दोन ज्वारीच्या भाकरी, दाट पिठलं, वाटीभर दही: २३. झाले ७१. आठवड्यातून तीनदा भाजीत ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या टाकल्या की ८५ च्या पुढे. वड्या काकूंना आवडत नव्हत्या, नातवाला आवडल्या, प्रश्न मिटला. पावडरचा डबा बाईंनी स्वतःहून आणला होता, त्याने पोट बिघडलं आणि तो कपाटात गेला.

यातलं काय अदलाबदल करता येतं ते फ्रिजवर चिकटवलं. पिठल्याऐवजी कुळथाचं पिठलं, झुणका, डाळ-पालेभाजी. धिरड्याऐवजी दही घालून थालीपीठ, किंवा पोहे आणि सोबत दूध. नियम एकच: प्रत्येक पानात डाळ, कडधान्य किंवा दूध-दही यातलं काहीतरी वाटीभर दिसलं पाहिजे. कॅलरी मोजायचं ॲप काढून टाकलं. आमच्या वाटीतल्या आमटीची घनता कुठल्याही ॲपला कळत नाही, असं माझं मत आहे.

तेलाबद्दल मला शंका होती. काकूंची फोडणी बघितली तर पळीभर तेल सरळ कढईत. पण महिन्याला पाच लिटरचा कॅन लागतो असं त्या म्हणाल्या. सहा माणसं आणि तीस दिवस यांनी भागलं तर माणशी रोज २५ ग्रॅम आलं. हे काही जास्त नाही. तेलाला हात लावला नाही आणि काकूंचा विश्वास बसला तो बहुधा तिथेच.

लोहाच्या गोळीची गोष्ट छोटी, पण महत्त्वाची. बाई गोळी शाळेत अकराच्या सुट्टीत घेत होत्या आणि लगेच स्टाफरूमचा चहा. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर आली आणि चहा तासाभराने मागे गेला. लिंबाने लोह शोषायला मदत होते, उसळीवर लिंबू पिळणं त्याच कारणाने.

स्टाफरूमच्या वाढदिवसांना आणि सणांना आठवड्यात तीन जागा राखून ठेवल्या. सामोसा, पुरणाची दिंडं, नारळीभात, काहीही असो, ती जागा त्याची. न वापरलेली जागा पुढच्या आठवड्यात न्यायची नाही, आणि चौथी वेळ आली तर पुढचं जेवण नेहमीसारखंच जेवायचं. या शेवटच्या वाक्याची परीक्षा १५ ऑगस्टला झाली. सकाळी झेंडावंदनानंतर शाळेत जिलेबी, घरी आल्यावर पुन्हा जिलेबी, संध्याकाळी माहेरहून आलेल्या भावाबरोबर आणखी. रात्री आठला बाईंचा फोन. ‘आज जेवत नाही, उद्या फक्त सूप.’ मी विचारलं, घरी काय केलंय? भाकरी आणि झुणका. तेच जेवा, म्हटलं, एक भाकरी, झुणका आणि ताक. त्या जेवल्या. शुक्रवारी पहाटे घाटाचा सराव ठरल्याप्रमाणे झाला आणि त्या आठवड्यात चिवड्याच्या डब्याकडे जाणं झालं नाही. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोठा बदल तो होता.

१९ तारखेला सोमवार आणि राखी पौर्णिमा एकत्र आले. उपास सोडताना नारळीभात. मंगळवारी सकाळी काटा १.३ किलोने वर. बाईंनी फोटो काढून पाठवला, खाली रडणारा चेहरा. मी एवढंच लिहिलं की १.३ किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा दहा हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील. काल तेवढा नारळीभात घरात शिजला होता का? स्नायूंत साठलेलं पिष्ट आपल्या तिपटीइतकं पाणी धरून ठेवतं, मिठानेही पाणी थांबतं. शनिवारपर्यंत काटा खाली आला. त्यानंतर वजन फक्त शनिवारी सकाळी बघायचं ठरलं.

धावताना काय खायचं यावर फार वेळ गेला नाही. तासापेक्षा जास्त धाव असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट लागतं. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम गूळ, लिंबू, चिमूटभर जास्तच मीठ, आणि खिशात राजगिऱ्याची चिक्की. पावसात, धुक्यात घाट चढताना तहान कळत नाही, म्हणून दर दोन किलोमीटरला घोटभर प्यायचं. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नाही.

जुलैच्या शेवटी पाळी आली आणि ऑगस्टमध्ये वेळेवर. शर्यत २ तास ४८ मिनिटांत झाली. पावणेतीन तासांपेक्षा तीन मिनिटं जास्त लागली. यवतेश्वरचा चढ चालावा न लागता पार झाला. शर्यतीच्या आठवड्यात वजन ६१.९, सप्टेंबरच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.६. यातलं किती श्रेय जेवणाच्या बेताला आणि किती गोळ्यांना, हे वेगळं काढता येत नाही. शरीरात लोह भरलं की माणूस तसाही जोरात चढतो. सरावाचे दिवस बदलले त्याचाही वाटा असणारच. एका बाईंच्या बारा आठवड्यांवरून मी कुणाला १९०० चा आकडा देणार नाही. रविवारचं बेताल खाणं मात्र जुलैनंतर दोनदाच झालं, आणि त्याला गोळी कारण असू शकत नाही.

काही गोष्टी जमल्या नाहीत. झोप अजून सहा तासांच्या वर जात नाही. पहाटेची धाव, सहा जणांचं घर आणि तपासायच्या वह्या यात ती वाढवायची कुठून, याचं उत्तर आहारतज्ज्ञाकडे नाही. ५८ चा आकडा बाईंच्या डोक्यातून गेलेला नाही. गणपतीत मोदकांना तिन्ही जागा मिळाल्या आणि चौथीही गेली, तेव्हा त्यांनी फोन केला नाही, हे मी चांगलं लक्षण समजते.

आता नवरात्र. बाई घटस्थापनेपासून नऊही दिवस उपास करतात आणि इथे सोमवारची युक्ती चालत नाही, कारण संध्याकाळी उपास सुटतच नाही. डाळ-कडधान्य नऊ दिवस बंद. दूध, दही, पनीर, राजगिरा आणि दाणे यांवर ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं होतात, त्यापुढे नाही. मी त्या दिवसांत धावणं आठवड्याला १५ किलोमीटरवर आणायला सांगितलं आहे. बाईंना दसऱ्यानंतर लगेच पुढच्या शर्यतीचा सराव सुरू करायचा आहे आणि त्या २५ वर अडल्या आहेत. काकू माझ्या बाजूने आहेत.